बकी जाळी
बकी जाळी : क्ष-किरण चित्र घेताना शरीरातून विखुरलेले किरण फिल्मवर पोहोचण्यापूर्वी अडविणारे, शिशाच्या पट्ट्यांचे साधन. व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यावर हाताच्या हाडांची चित्रे लगेच मिळू लागली; पोट, कटी व पाठीचे मणके यांची मात्र धूसर येत. जाड भागातून जाताना पुष्कळसे किरण मूळ दिशा सोडून इतस्ततः विखुरतात (प्रकीर्णन). पोटाच्या चित्रात त्यांची तीव्रता सरळ येणाऱ्या किरणांच्या काही पट असू शकते. त्यामुळे फिल्म सर्वत्र काळवंडते आणि हाड व मऊ ऊतके यांच्या छटांमधील फरक पुसला जातो. हँबर्गचे आल्बर्स-शोनबेर्ख यांनी १९०३ च्या सुमारास नळकांड्याने किरणशलाका अरुंद करून व शरीराचा तो भाग दाबून यावर उपाय योजला. पण त्यात थोडेच क्षेत्र दिसे.

बर्लिनमधील गुस्टाफ बकी (१८८०–१९६३) यांनी १९१३ मध्ये रुग्ण व फिल्म यांच्यामध्ये शिशाच्या पट्ट्यांची चौकडीची जाळी ठेवली. नलिकेकडून सरळ येणारे किरण फटींतून पार होत, तिरपे येणारे पट्ट्यांत शोषले जात. चित्र स्वच्छ झाले, परंतु त्यावर जाळीच्याच रेषा उमटल्या. हा नवा दोष क्षुल्लक नव्हता. अशा रेषेखाली हाडाची बारीक चीर झाकली जाऊ शकते. (याच बकी यांनी पुढे अमेरिकेत आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्यासमवेत प्रकाशानुसार आपोआप जुळणाऱ्या कॅमेऱ्याचे एकस्व १९३६ मध्ये मिळविले.)

रेषांवरील उपाय शिकागोचे हॉलिस पॉटर यांनी शोधला व १९२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी पट्ट्या एकाच दिशेत ठेवून किरण सोडले जात असताना जाळी आडवी सरकती ठेवली. फिल्मचा प्रत्येक बिंदू सारखाच वेळ झाकला गेल्याने रेषा विरून गेल्या. मात्र जाळीची गती एकसारखी हवी आणि किरण सुरू होण्यापूर्वीच ती सरकू लागली पाहिजे. अन्यथा रेषा पुन्हा दिसतात.

जाळी काही सरळ किरणही शोषते. त्यामुळे किरणांची मात्रा साधारणपणे २ ते ६ पट वाढवावी लागते व तिचा भार रुग्णावर पडतो. म्हणून तान्ह्या मुलांसाठी व हातापायांच्या बारीक भागांसाठी जाळी सहसा वापरीत नाहीत. नलिका मध्यापासून सरकली, तर चित्राची एक बाजू फिकी येते आणि छातीच्या चित्रात ती फुप्फुसाचा विकार म्हणून वाचली जाण्याचा धोका असतो. अंकीय चित्रणात स्थिर जाळीच्या पट्ट्या व संवेदकातील बिंदूंच्या ओळी यांच्या परस्परक्रियेने लाटांसारखे पट्टे उमटतात. ते टाळण्यासाठी पट्ट्यांची घनता संवेदकाला जुळेल अशी निवडतात किंवा पॉटर यांच्याप्रमाणे जाळी हलती ठेवतात.