ठाण्याची खाडी : कथा, शास्त्र आणि लोकशिक्षण

माजिवड्याच्या पूर्वेकडून जाणारा खाडीचा अरुंद फाटा उल्हास नदीला ठाण्याच्या खाडीशी जोडतो. याच पाण्यामुळे साष्टी हे बेट ठरले आणि ठाणे हे बंदर. या ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी रक्तसाक्ष दिली. पुढे थोड्याच वर्षांत चीनकडे निघालेले धन्यवादित ओदोरिक येथे उतरले व त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन गेले. आपल्या प्रवासवृत्तात त्यांनी रक्तसाक्षींची कथा तर सांगितलीच. शिवाय येथील कबुतराएवढ्या वटवाघळांची आणि कुत्र्याएवढ्या उंदरांचीही नोंद केली. हे उंदीर म्हणजे आपल्या घुशी, हे वाचकांनी ओळखलेच असेल. निरीक्षण खरे, माप मात्र कथेतले.

खरे माप विसाव्या शतकात आले. ठाण्याच्या बांदोडकर विज्ञान महाविद्यालयातील अभ्यासकांनी खाडीचे पाणी, गाळ, मासे व तिवरे तपासली. तिवराची श्वासमुळे चिखलातून वर येऊन हवा घेतात. त्यांच्या जाळीत गाळ थांबतो, कोळंबीची व माशांची पिल्ले आसरा घेतात आणि भरतीचा जोर ओसरतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पाण्याच्या वाटा बुजविण्याचा अर्थ तेव्हा घरोघरी कळला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने तिवरतोडीस मनाई केली. २०१५ साली खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला. २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा लाभला.

परंतु कथा कधी कधी फसवते. गुलाबी रोहित आले म्हणजे खाडी निरोगी झाली, असा पुष्कळांचा समज आहे. शास्त्र सांगते की, सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर शेवाळ माजते आणि त्याच शेवाळावर हे पक्षी पोसतात. असे ज्ञान लोकांपर्यंत नेण्याचे काम ठाण्याचे पर्यावरण दक्षता मंडळ करीत आले आहे. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून तर नावेत बसून खाडी पाहता येते.

एक नोंद मात्र प्रयोगशाळेत होणार नाही. कोणत्या भरतीला कोणता मासा जाळ्यात येई, पाणी कुठवर स्वच्छ होते, हे वडीलधाऱ्यांनाच ठाऊक आहे. ती आठवण त्यांच्याबरोबर गेली, तर आजची गढूळ खाडीच पुढच्या पिढीला मूळची वाटेल आणि काय गमावले हे तिला कळणारही नाही. म्हणून धर्मग्रामांतील तरुणांनी आजी-आजोबांजवळ बसून ही माहिती लिहून घ्यावी व अभ्यासकांच्या हाती द्यावी. ओदोरिकांची लेखणी आता आपल्या घरात हवी.