शुद्धता आणि अहिंसा : वनस्पती तेलाच्या साबणाचा इतिहास

अंगाची व वस्त्रांची स्वच्छता हा गृहस्थजीवनाचा नित्य भाग आहे. परंतु ज्या वस्तूने ही स्वच्छता साधली जाते, ती स्वतः कशापासून बनली आहे, हा प्रश्न अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाला प्रारंभापासूनच भेडसावत आला. साबणाचा इतिहास या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते.

साबण येण्यापूर्वी आपल्याकडे रिठा, शिकेकाई, डाळीचे पीठ, राख व सज्जीखार यांवर काम भागत असे. रिठ्यातील सॅपोनिन हे द्रव्य पाण्यात फेस करते व मळ सैल करते. पश्चिम आशियात मात्र तेल व क्षार एकत्र शिजवून साबण करण्याची विद्या फार पूर्वी विकसित झाली. अलेप्पो येथे ऑलिव्ह व लॉरेल तेलाचा, तर नाबलुस येथे ऑलिव्ह तेलाचा साबण पिढ्यान्पिढ्या होत आला. २०२४ मध्ये युनेस्कोने या दोन्ही परंपरांना अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. फ्रान्समध्ये १६८८ च्या राजाज्ञेने मार्सेलच्या साबणात ऑलिव्ह तेलाखेरीज अन्य स्निग्ध पदार्थ वापरण्यास मनाई केली. म्हणजे वनस्पती तेलाचा साबण ही आधुनिक कल्पना नसून ती एक जुनी परंपराच होय.

पुढे युरोपात कारखानदारी वाढली आणि गुरांची चरबी हा साबणाचा स्वस्त कच्चा माल ठरला. १८८८ मध्ये लिव्हर कंपनीचा 'सनलाइट' साबण कलकत्त्याच्या बंदरात उतरला व विलायती साबणाचा प्रसार वाढू लागला. बाहेरून सुबक दिसणाऱ्या या वडीत चरबी असू शकते, या शंकेने अनेक शाकाहारी घरांत साबण दीर्घकाळ परकाच राहिला.

ही अडचण ओळखून स्वदेशीच्या काळात भारतीय उद्योजक पुढे आले. कुलुपांच्या व्यवसायात नाव कमावलेले अर्देशिर गोदरेज यांनी १९१८ मध्ये वनस्पती तेलापासून बनविलेला 'चावी' छापाचा साबण बाजारात आणला. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या टाटा ऑइल मिल्सने कोचीन परिसरातील खोबरेल तेलाचा आधार घेतला. महात्मा गांधींनी १९४१ च्या 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेत ग्रामोद्योगांची नावे देताना साबण बनविणे व तेल गाळणे या दोहोंचा उल्लेख केला. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने कडुनिंब, करंज, मोह अशा तेलांपासून साबण करण्यास उत्तेजन दिले. १९८३ मध्ये वनस्पती तुपात प्राणिज चरबीची भेसळ उघडकीस येऊन देशभर क्षोभ उसळला, तेव्हा केंद्र सरकारने अशा चरबीची आयात बंद केली. साबण उद्योगालाही वनस्पती तेलांकडे वळणे भाग पडले.

साबण बनण्याची क्रिया साधी आहे. तेलाचा कॉस्टिक सोड्याशी संयोग झाला की साबण व ग्लिसरीन तयार होते. खोबरेल तेलाने भरपूर फेस येतो. करंज व कडुनिंबाची तेले खाण्याजोगी नसल्याने साबणासाठी त्यांचा उपयोग केल्यास अन्नधान्यावर ताण येत नाही. कठीण पाण्यातील चुना साबणाशी मिळून चिकट साका तयार होतो. म्हणून विहिरीच्या पाण्यात साबण अधिक लागतो. हात धुणे, स्नान, सुती कपडे व तेलकट भांडी यांसाठी हा साबण उपयुक्त आहे. वडी कोरड्या जाळीवर ठेवल्यास ती विरघळून वाया जात नाही.

खरेदीच्या वेळी वेष्टन वाचण्याची सवय मोलाची आहे. 'सोडियम टॅलोएट' हा शब्द प्राणिज चरबीचा, 'सोडियम पामेट' पाम तेलाचा व 'सोडियम कोकोएट' खोबरेल तेलाचा निदर्शक आहे. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या स्नानाच्या साबणात एकूण स्निग्धाम्ल किमान ७६ टक्के असावे लागते. मात्र हा आकडा गुणवत्तेचा आहे, स्निग्धांश कोठून आला याचा नव्हे.

तथापि 'वनस्पतिजन्य' हा शब्द वाचून विचार थांबवणे योग्य नाही. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत घाण्याने पिळण्याचे यंत्रपीलन कर्मही गणले आहे, आणि वनस्पती हीदेखील एकेंद्रिय जीवच आहे. आज साबणात मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या पाम तेलासाठी इंडोनेशिया व मलेशियात जंगलांची तोड झाली व असंख्य जीवांचे आश्रय नष्ट झाले. साबणाचे पाणी मुंग्यांच्या वारुळावर वा किड्यांच्या जागी ओतल्यास तेही त्यांच्या प्राणांवर बेतते. म्हणून चरबीयुक्त साबण टाळणे ही पहिली पायरी. गरजेपुरताच वापर, गाळलेले पाणी आणि सांडपाण्याची जयणा ही त्यापुढील पायरी होय. पूर्वजांनी वडीला हात लावण्याआधी ती कशाची आहे असे विचारले. आजच्या पिढीने ती कोठून आली आणि धुतल्यावर कोठे जाते, हेही विचारावे. शरीराच्या शुद्धीसाठी दुसऱ्या जीवाला कमीत कमी पीडा व्हावी, हाच त्या प्रश्नांमागील विवेक आहे.