पडद्याशेजारचे माणूस : महाराष्ट्रातील मुले आणि पडदा, १९१२ ते आज

१/ पुनावळे. पवनेकाठचे हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. आज शेजारून महामार्ग धावतो, पलीकडे हिंजवडीची आयटी नगरी आहे आणि शेतांच्या जागी उंच इमारती आहेत. येथील अनेक घरांत रात्री एकच वाक्य ऐकू येते : "मोबाइल लावल्याशिवाय तो जेवतच नाही." या वाक्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. #थ्रेड

२/ आरंभ १९१२ चा. 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळके यांना भांडवल हवे होते. चित्रपट म्हणजे काय, हे पैसे देणाऱ्याला पटवायचे होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याचे थोडे थोडे चित्रण केले. 'अंकुराची वाढ' या लघुपटात ती सारी वाढ मिनिटभरात दिसे.

३/ भारतातील शैक्षणिक चित्रपटाचा उगम अनेकदा येथे शोधला जातो. डोळ्याला न दिसणारी गोष्ट पडदा दाखवू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. वाटाण्याने मात्र वाढायला आपला महिना घेतलाच. पडद्याने काळ आटवला तो पाहणाऱ्यासाठी, रोपासाठी नव्हे. पुढची सारी कथा समजून घेताना हा भेद लक्षात ठेवावा.

४/ मुलांविषयीची चिंताही जुनीच. ब्रिटिश सरकारने १९२७ मध्ये नेमलेल्या रंगाचारी समितीने देशभर साक्षी नोंदवल्या. त्यांत चित्रपटांचा मुलांवर होणारा परिणाम हाही चौकशीचा विषय होता. म्हणजे बोलपट येण्यापूर्वीच हा वाद भारतात सुरू झाला होता.

५/ त्याच सुमारास मूल कसे शिकते, याचा वेगळा शोध सुरू होता. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

६/ तेथे शिंपले, बिया, पाने, माती हीच शिकण्याची साधने. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. या प्रयोगांचे सूत्र सोपे होते : लहान मूल हाताने शिकते, आणि ते शिकत असताना त्याच्याकडे लक्ष असलेले मोठे माणूस जवळ असावे लागते.

७/ २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. वर्षभरात सिंहगडावरील केंद्रामुळे ते पुण्यालाही दिसू लागले. संच थोडे, प्रेक्षक फार. 'किलबिल' पाहायला चाळीतली, वाड्यातली मुले शेजाऱ्याच्या घरी जमत. एखाद्याने प्रश्न विचारला, तर उत्तर देणारे कोणीतरी त्या खोलीत असेच.

८/ १ ऑगस्ट १९७५ रोजी उपग्रह दूरदर्शनचा भव्य प्रयोग सुरू झाला, तो 'साइट'. अमेरिकेकडून वर्षभरासाठी घेतलेला उपग्रह, सहा राज्यांतील २,४०० गावे आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या अँटेना. सकाळी शाळकरी मुलांसाठी साडेबावीस मिनिटे. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीही तोच पडदा वापरला गेला.

९/ महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. त्याची पाळी इन्सॅटच्या काळात आली. १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' स्थापन झाली. मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम करणारी ही सरकारी संस्था. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून शाळांपर्यंत जात. मुलांसमोरचा पडदा सार्वजनिक मालकीचा असावा, अशी ती कल्पना होती.

१०/ या रचनेत शिक्षकाला वगळलेले नव्हते. कार्यक्रमाआधी त्याने विषय काढावा, नंतर मुलांशी बोलावे, अशी अपेक्षा असे. प्रत्यक्षात कित्येक शाळांत संच बंद पडलेला असे, कोठे वीजच नसे. तरीही कल्पना योग्य होती : पडद्याने दाखवावे, माणसाने शिकवावे.

११/ १९९० नंतर केबल आली. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात पोहोचले. मुलांच्या वेळेचे मोल आता जाहिरातदार ठरवू लागला. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला. भिंतीजवळचा पडदा तळहातावर आला, आणि एका पडद्यासमोर एकच मूल उरले.

१२/ त्याच सुमारास बालचित्रवाणी कोसळत होती. अनुदान आटले, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि २०१७ मध्ये संस्था बंद झाली. तीनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, राज्यातील प्रत्येक शाळेचे दार लागले. मुलांपर्यंत पोहोचायला पडद्यावाचून मार्ग उरला नाही, तेव्हा ती संस्था अस्तित्वात नव्हती.

१३/ ती पोकळी काही अंशी 'टिलीमिली'ने भरली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ही मालिका २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर आली. पहिली ते आठवीच्या आठ इयत्ता, प्रत्येकीचे ६० भाग, एकूण ४८०. घरातल्या वस्तू घेऊन, घरातल्या माणसांसोबत करून पाहण्यासारखे उपक्रम हा तिचा गाभा. कोसबाडची आठवण व्हावी, असेच ते.

१४/ इतरत्र 'ऑनलाइन वर्ग' होते. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शिकेने मर्यादा घातली : पूर्वप्राथमिकला दिवसाला ३० मिनिटांहून अधिक नको, पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे. पण वर्ग संपला, तरी फोन मुलाच्या हातातच राहिला.

१५/ ज्या हातात फोन नव्हता, त्याचे दुःख निराळे. 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भारतात स्मार्टफोन असलेली मुलांची घरे २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाली. तरीही अशा घरांतल्या सुमारे चौथा हिस्सा मुलांना तो वापरायला मिळत नव्हता.

१६/ पुणे-पिंपरीत प्राथमिक वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले आणि जानेवारीत काही काळ पुन्हा बंद झाले. देशभरात ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आले.

१७/ हा दोष पडद्याचा म्हणता येणार नाही. शाळाच बंद होत्या. पण पडदा शाळेची जागा घेऊ शकला नाही, एवढे या आकड्यांवरून दिसते. शाळा उघडल्या, शिक्षक समोर आले, पायाभूत साक्षरतेच्या मोहिमा चालल्या आणि २०२४ मध्ये हे प्रमाण २७.१ टक्क्यांपर्यंत सावरले. घरात आलेले फोन दरम्यान कोठेही गेले नव्हते.

१८/ असे का घडते? २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बाळांना १२ बैठकांत चिनी भाषा ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या माणसांकडून बाळांनी त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकून घेतले. तेच बोलणे चित्रफितीवर पाहणाऱ्या बाळांना काहीच साधले नाही.

१९/ २०१४ मधील एका प्रयोगाने याची दुसरी बाजू दाखवली. दोन-अडीच वर्षांची मुले थेट व्हिडिओ कॉलवरून नवे शब्द शिकली, कारण पलीकडचे माणूस त्यांना प्रतिसाद देत होते. गावाकडच्या आजीशी मोबाइलवर गप्पा मारणारे मूल आणि त्याच मोबाइलवर कार्टून पाहणारे मूल यांची तुलना म्हणूनच फसवी ठरते.

२०/ भावनांचे काय? ३ ते ५ वर्षांच्या ४२२ मुलांचा मिशिगनमधील अभ्यास डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. रडू आले की शांत करण्यासाठी वारंवार फोन मिळालेल्या मुलांत पुढील महिन्यांत भावनिक उसळी अधिक आढळली, विशेषतः मुलग्यांत. यातून थेट कार्यकारण सिद्ध होत नाही. पण राग स्वतःहून ओसरताना अनुभवणे, हाही एक धडाच आहे.

२१/ जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला : एक वर्षाखालील बाळाला पडदा नको, दोन ते चार वर्षे वयात दिवसाला एक तासाहून अधिक नको, त्याहून कमी तर बरेच. सल्ला सोपा आहे. तो पाळणाऱ्या आईबापाच्या घरी संध्याकाळी दुसरे कोण असते, हा प्रश्न कठीण आहे.

२२/ सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे ३,००० वस्तीच्या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये आपले उत्तर शोधले. रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात, बोलतात. नियम मुलांपुरता नव्हता, साऱ्या गावासाठी होता. एकट्या घराला जे जमत नाही, ते गावाने मिळून केले.

२३/ पुनावळ्याच्या इमारतींत असा भोंगा नाही. कोणी चाकणच्या पाळीवरून येतो, कोणी हिंजवडीच्या कोंडीतून. आजी-आजोबा दूर गावी. ताटाशेजारी मोबाइल उभा राहतो तो बहुधा आळसाने नव्हे, थकव्याने. 'किलबिल'च्या काळी शेजाऱ्याचे दार उघडे होते. आज मजल्यावर चार दारे आहेत, आणि चारही बंद.

२४/ शंभर वर्षांचा धडा एवढाच : पडदा मुलाला पुष्कळ दाखवतो, पण त्यातून शिकायला शेजारी माणूस लागते. बालचित्रवाणीच्या रचनेत ते शिक्षकाच्या रूपाने होते, टिलीमिलीत घरच्यांच्या, वडगावात अख्ख्या गावाच्या. फाळक्यांचा वाटाणा पडद्यावर मिनिटभरात वाढला. कुंडीतल्या वाटाण्याला मात्र महिनाभर कोणीतरी रोज पाणी घातले होते.