पढवलेला साक्षीदार

भोपाळच्या इतिहासात 1956 हे वर्ष दोन घटनांनी संस्मरणीय ठरले. 29 ऑगस्टला हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कंपनीची नोंदणी झाली, आणि 1 नोव्हेंबरला नव्या मध्यप्रदेशाची राजधानी इथे येताच नागपूरच्या कचेऱ्यांतील कित्येक मराठी कारकुनांना दफ्तरासह बिऱ्हाडही इकडे हलवावे लागले. आज भेल म्हणून सर्वपरिचित असलेल्या त्या कारखान्याच्या वसाहतींपैकी पिपलानी ही एक होय.

पाण्यावर चालणारी मोठी जनित्रे घडवणे हा या कारखान्याचा एक प्रमुख व्यवसाय, आणि असा संच सुरू करण्याची रीत पाहिली म्हणजे, एका यंत्राने दुसऱ्याला लेखी हुकुमाबरहुकूम कसे चालवावे या आधुनिक वाटणाऱ्या प्रश्नाचे मूळ किती जुने आहे, ते ध्यानात येते. वंगणाचे तेल व थंडाव्याचे पाणी वाहू लागल्याची वर्दी आल्यावाचून मुख्य झडप उघडायची नाही. ब्रेक सुटल्याची खूण पटल्यावाचून पाणी आत सोडणारी पाती हलवायची नाहीत. वेग जवळजवळ पूर्ण झाल्यावाचून चुंबकीय क्षेत्राचा प्रवाह द्यायचा नाही. हा सारा क्रम पूर्वी माणसाने राखायचा, तो पुढे रिलेंच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या विद्युत कळांच्या, स्वाधीन झाला. त्यांतली एक रिले मोठी चतुर असते: ठरल्या मुदतीत पुढची पायरी गाठली गेली नाही, की ती सारा व्यवहार थांबवते. विद्युत अभियांत्रिकीच्या अंकपद्धतीत तिचा क्रमांक 48, नाव ‘अपूर्ण क्रम’.

संगणकाच्या दुनियेत हे शहाणपण मात्र उशिरा उगवले. छिद्रांकित पत्त्यांची चळत यंत्रात घालायची आणि निकालाची वाट पाहायची, असा प्रारंभीचा शिरस्ता होता. एक कार्यक्रम दुसऱ्याला बागेतल्या पाण्याच्या नळीप्रमाणे जोडावा, असे बेल प्रयोगशाळेच्या डग मॅक्‌इलरॉय यांनी 1964 साली सुचवले, आणि 1973 साली युनिक्स या संगणक-प्रणालीत तशी ‘पाइप’ अवतरली. सोय अप्रतिम होती. पण नळी ओतते, ऐकत नाही. शिवाय परवलीचा शब्द बदलणाऱ्या कार्यक्रमासारखे काही संशयी गृहस्थ नळीतून आलेल्या उत्तराकडे ढुंकूनही पाहत नाहीत. समोर खरा टर्मिनल, अर्थात माणूस, बसलेला आहे अशी खात्री त्यांना लागते.

ही अडचण दूर केली ती एका सोंगाने. 1983 च्या बर्कली युनिक्समध्ये ‘मिथ्या टर्मिनल’ उपलब्ध होते, त्याच्या आड बसून कोणीही माणसाची बतावणी करू शके. या सोंगाचा पुरेपूर उपयोग अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील डॉन लिब्स यांनी केला. जॉन ऑस्टरहाऊट यांच्या टीसीएल भाषेवर त्यांनी ‘एक्स्पेक्ट’ हा कार्यक्रम रचला आणि 1990 च्या उन्हाळ्यात तो विद्वत्सभेपुढे मांडला. त्याच्या मुख्य क्रिया चारच: स्पॉन म्हणजे समोरच्याला उभे करणे, एक्स्पेक्ट म्हणजे त्याच्या प्रश्नाची वाट पाहणे, सेंड म्हणजे उत्तर देणे, आणि इंटरॅक्ट म्हणजे वकिलाने बाजूला सरून अशिलाला स्वतः बोलू देणे. पाठवण्याच्या क्रियेवरून नव्हे, तर वाट पाहण्याच्या क्रियेवरून कर्त्याने साऱ्याचे नामकरण केले, हे मला फार मार्मिक वाटते.

कचेरीत पढवलेला साक्षीदार हा निंदेचा विषय. कारण अपेक्षित सवाल आला नाही, की तो पाठ केलेला जबाब भलत्याच प्रश्नाला देऊन बसतो. लेखी आज्ञांचा कार्यक्रमही त्याच जातीचा. समोरच्याने प्रश्नाची शब्दरचना किंचित बदलली, तरी तो बावचळून मुकाट बसून राहतो. म्हणून लिब्स यांनीही मुदत घालून ठेवली आहे. वाट पाहण्याचा अवधी लिहिणाऱ्याने स्वतः बदलला नाही, तर तो 10 सेकंदांचा असतो.