सवलत माणसाला, गाडी दुसऱ्याला

1949 मध्ये भारत सरकारने तयार मोटारींची आयात बंद केली. चार वर्षांनी टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून ज्या कंपन्या इथे फक्त जुळणी करत होत्या आणि सुटे भाग देशात बनवण्याचा ज्यांचा कार्यक्रम नव्हता, त्यांचेही दिवस भरले. 1928 पासून शिवडीला गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने मुंबईतून गाशा गुंडाळला. सर्वसामान्य ग्राहकापुढे मग उरल्या त्या बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सच्या, वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या कुर्ल्याच्या प्रीमियरच्या आणि मद्रासच्या स्टँडर्डच्या गाड्या, आणि त्यांच्यासाठीही वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. 1983 मध्ये मारुती येईपर्यंत ही टंचाई टिकली. अशा काळात रस्त्यावर दिसणारी ‘फॉरेनची गाडी’ देशात शिरली कुठून, हा प्रश्न विचारला की जुन्या परदेशी गाड्यांच्या व्यापाराचा सगळा इतिहास उलगडतो. ती शिरली काही अरुंद दारांतून. परदेशी वकिलातींच्या अधिकाऱ्यांना 1957 च्या नियमांनी शुल्कमाफी होती. परदेशात राहून कायमच्या परतणाऱ्या भारतीयाला ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’खाली, म्हणजे बाजाराच्या भाषेत टी.आर.वर, आपली वापरलेली गाडी आणता येई. पर्यटक कार्नेवर गाडी आणत, ती ठरल्या मुदतीत परत न्यायच्या हमीवर. या तिन्ही दारांत एक गोष्ट सारखी होती. सवलत मिळे ती विशिष्ट माणसाला, त्याच्या हुद्द्यामुळे किंवा परदेशातल्या वास्तव्यामुळे. गाडी विकता येते, हुद्दा आणि वास्तव्य विकता येत नाही. खासगी विक्रेत्याकडून परदेशी गाडी घेणाऱ्याला गेली साठ-सत्तर वर्षं ज्या धोक्याने गाठलं, तो इथे जन्मला. इंजिन, गिअरबॉक्स, गंजलेला पत्रा यांची भीती प्रत्येक जुन्या गाडीत असतेच आणि ती चांगल्या मेकॅनिकच्या नजरेतून सहसा सुटत नाही. सवलतीची अट मात्र बॉनेट उघडून दिसत नाही.

सरकारला याची कल्पना होती. म्हणून वकिलातींच्या जुन्या गाड्या सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. तिथून घेणाऱ्याला निदान शुल्काच्या बाबतीत निर्धास्त राहता येई. टी.आर.च्या गाडीवर अट असे की ठरावीक काळ ती विकायची नाही. अलीकडच्या नियमांत ही मुदत दोन वर्षांची आहे. पण ज्या बाजारात मागणी तुफान आणि पुरवठा जवळजवळ नाही, तिथे अटीला वळसा घालण्याची वाट निघतेच. मूळ मालक मुखत्यारपत्र लिहून देई, पैसे घेई, गाडीची किल्ली हवाली करी आणि कागदावर मात्र मालक राही. मुदत सरली की आर.टी.ओ.त नाव बदले. आता आर.सी. बुक पाहणाऱ्या तिसऱ्या माणसाला सगळं स्वच्छ दिसे. घोटाळा नेमका इथे होता. आर.टी.ओ. सांगते गाडी कुणाच्या नावावर आहे. शुल्क भरलं का, कोणत्या अटीवर माफ झालं, ती अट पाळली का, हे कस्टम्सच्या दप्तरात असतं. ही दोन दप्तरं एकमेकांशी बोलत नसत, आणि त्यांच्या मधल्या फटीत विक्रेता, दलाल आणि क्वचित हात ओले झालेला कारकून यांचं फावत गेलं. कस्टम्स कायदा 1962 चा आहे. त्याच्या कलम 111 नुसार अट मोडून आणलेला किंवा खोटी माहिती देऊन सोडवलेला माल जप्तीस पात्र ठरतो, आणि त्या जप्तीला आयातीपासून इतक्या वर्षांत अशी मर्यादा कायद्याने घातलेली नाही. म्हणजे दोष मालाला चिकटतो आणि मालासोबत हातोहात फिरतो.

आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध 1 एप्रिल 2001 पासून उठले, तेव्हा हे सगळं संपेल असं वाटायला जागा होती. झालं उलट. देशी कारखान्यांना जुन्या गाड्यांचा पूर नको होता, म्हणून वापरलेल्या मोटारींवरचं मूळ शुल्कच 105 टक्के केलं गेलं आणि बाकीचे कर धरून एकूण बोजा 180 टक्क्यांच्या आसपास गेला. शिवाय गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि ती उतरवायची फक्त मुंबई बंदरात. इतकं शुल्क असलं की खोटं बोलण्यातला फायदाही तितकाच वाढतो. कस्टम्स वापरलेल्या गाडीचं मूल्य ठरवताना नव्या गाडीच्या किमतीतून घट वजा करतं: पहिल्या वर्षी दर तिमाहीला 4 टक्के, दुसऱ्या वर्षी 3, तिसऱ्या वर्षी अडीच. तीन वर्षांत ही घट 38 टक्क्यांवर जाते. गाडी कोणत्या वर्षाची आणि नेमकी कोणत्या मॉडेलची, एवढ्यावर लाखो रुपये फिरतात, आणि त्यामुळे चासी नंबरशी छेडछाड हा या धंद्यातला सर्वांत फायद्याचा गुन्हा ठरला.

यावर आक्षेप असा की प्रामाणिकपणे पैसे मोजून गाडी घेणाऱ्याला कायदा वाऱ्यावर सोडत नाही. आक्षेपात तथ्य आहे. 2002 मध्ये आयात झालेल्या एका पोर्शेच्या प्रकरणात कोचीच्या कस्टम्सने बुडालेलं शुल्क नंतरच्या खरेदीदाराकडे मागितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. नंतर गाडी विकत घेणारा हा आयातदार नव्हे, तेव्हा ती मागणी त्याच्यावर लादता येत नाही. निकाल न्याय्य आहे आणि त्याचं स्वागतच केलं पाहिजे. पण तारखा पाहा. आयात आणि निकाल यांच्यामध्ये 22 वर्षं आहेत. शेवटी जिंकलेल्या माणसालाही वकिलाची फी आणि गाडीची गेलेली किंमत कुणी परत देत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: स्वस्तात आलिशान गाडी घेणाऱ्याला आपण काय घेतोय हे ठाऊक असतं, मग कळवळा कशाला? काहींना ठाऊक असतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तिसऱ्या-चौथ्या हाताने घेणाऱ्याला बाजारभावच मोजावा लागतो. शुल्क चुकवल्याचा नफा पहिल्याच व्यवहारात कुणीतरी खिशात घातलेला असतो. सप्टेंबर 2025 मध्ये केरळात कस्टम्सने ‘ऑपरेशन नुमखोर’ नावाने छापे घातले. भूतानमार्गे आणलेल्या जुन्या गाड्या सैन्याच्या आणि वकिलातींच्या नावाचे बनावट कागद करून दूरच्या राज्यांत नोंदवल्या गेल्या, असा खात्याचा आरोप होता. वकिलातीची गाडी ही जुनी सबब इतक्या वर्षांनीही चालते, यावरून धोका टंचाईबरोबर गेला नाही हे स्पष्ट होतं. तो सवलतीच्या रचनेत आहे, आणि ही रचना बदलण्याचं काम सरकारचं आहे. आयातीच्या वेळची अट आणि भरलेलं शुल्क आर.सी.वरच छापलं जाईल, तर निम्मे व्यवहार तिथेच थांबतील. ते होईपर्यंत परदेशी गाडी घेणाऱ्याने विक्रेत्याकडे आर.सी.च्या आधी बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टम्सकडे दाखल केलेलं पत्रक, मागावं, त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा, नंबर खरवडलेला वाटला तर तिथूनच परतावं, आणि मूळ आयातदाराचा कागद मिळत नसेल तर बयाण्याचा एक रुपयाही देऊ नये.