तुटक्या शिंगाला भिंतीवर जागा का नाही?

मागच्या भागात संस्थानिकांच्या शिकारखान्यांचा विषय निघाला आणि त्यावर एका श्रोत्याने फार भारी प्रश्न पाठवला. जुन्या राजवाड्यांत काळविटांची एवढी मुंडकी टांगलेली असतात, सगळ्यांची शिंगं एकदम टापटीप. मग तुटक्या शिंगाचं काळवीट कुणी मारलंच नाही का? की मारलं आणि लपवलं?

आधी थोडं जीवशास्त्र, कारण त्याशिवाय गंमत कळणार नाही. आपण मराठीत सगळ्यांनाच हरीण म्हणतो, पण त्यात दोन घराणी आहेत. सांबर, चितळ हे सारंग. त्यांची शिंगं भरीव, फांद्या असलेली, दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळवीट, चिंकारा हे कुरंग. त्यांच्या शिंगाच्या आत हाड असतं आणि वर नखासारख्या पदार्थाचं आवरण. हे शिंग गळत नाही. मोडलं की मोडलं, जन्मभर तसंच. म्हणजे सांबराचं तुटलेलं शिंग ही एका वर्षाची गोष्ट असते, काळविटाची मात्र आयुष्यभराची. आणि मोडतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या नराशी झुंजताना. म्हणजे आपण ज्याला खोट म्हणतो, ती खरंतर त्याच्या लढायांची नोंद असते.

आता शिकारी. इथे आधी विचारायला हवं, कुठला शिकारी? आपल्याकडचे फासेपारधी फासे लावून काळवीट पकडायचे, त्यावरूनच तर नाव पडलं. पोटासाठी शिकार करणाऱ्याला शिंग अर्धं आहे की पूर्ण, काय फरक पडतो? मांस तेवढंच. शिंग कामाला लागायचं तेव्हा वेगळा हिशोब. मर्दानी खेळात माडू नावाचं शस्त्र आहे, दोन काळवीट शिंगं विरुद्ध दिशांना टोकं करून जोडलेली. त्याला टोक शाबूत हवं, पण ती गरज हत्याराची, भिंतीची नव्हे.

भिंतीची गरज आली ती टेप घेऊन. लंडनमध्ये पिकॅडिली रस्त्यावर रोलंड वॉर्ड नावाच्या माणसाचं दुकान होतं. धंदा प्राण्यांच्या कातड्यात पेंढा भरण्याचा. जगभरातून साहेब लोक आपापली शिकार त्याच्याकडे पाठवायचे. १८९२ साली त्याने एक पुस्तक काढलं, जगातल्या मोठ्या जनावरांच्या शिंगांची मापं आणि वजनं, शिकाऱ्याच्या नावासकट. सरळ सांगायचं तर लीडरबोर्ड! आणि लीडरबोर्ड दुकानदारानेच काढलेला. धंदेवाईक डोकं बघा. हे पुस्तक नवनव्या आवृत्त्यांत पुढेही निघत राहिलं.

त्यानंतर हिंदुस्थानातल्या साहेबाला काळवीट दिसलं की आधी इंच दिसायचे. पंजाब-राजपुतान्याकडे शिंगं लांब, दख्खनकडे आखूड, ही चर्चा शिकारकथांमध्ये पानोपानी असते. प्राण्याचं वय, त्याची झुंज, माळावर तो कसा उभा होता, हे सगळं गोष्टीत यायचं, पण पुस्तकाच्या रकान्यात फक्त आकडा.

माझ्यातल्या इंजिनियरला इथे खरा रस आहे तो फॉर्म्युल्यात. कारण तुटक्या शिंगाची किंमत शिकाऱ्याच्या मनाने ठरवली नाही, फॉर्म्युल्याने ठरवली. तीन पद्धती बघू, फक्त लांबीपुरत्या. समजा एका नराचं डावं शिंग १५ इंच, उजवं मोडून ११ उरलेलं.

वॉर्डच्या पद्धतीत बहुतेक कुरंगांसाठी जे शिंग लांब तेच धरतात. मार्क १५. मोडल्याचा तोटा शून्य! म्हणजे ज्याच्यामुळे हा इंचांचा नाद सुरू झाला, त्याच्याच पुस्तकात मोडक्या शिंगाला खरंतर अडचण नव्हती. दुसरी पद्धत अमेरिकेतल्या सफारी क्लब इंटरनॅशनलची, १९७० च्या दशकातली. ते दोन्ही शिंगं मिळवतात. मार्क २६, अखंड असता तर ३०. तोटा ४. तिसरी बून अँड क्रॉकेट क्लबची. हा क्लब थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये काढला, अजून राष्ट्राध्यक्ष व्हायचा होता तेव्हा. त्यांनी १९५० मध्ये जी पद्धत पक्की केली तिच्यात बेरीज करून डाव्या-उजव्यातला फरक वजा करतात. २६ वजा ४, म्हणजे २२. तोटा थेट ८. मोडण्याची शिक्षा दोनदा!

त्यांचा तर्क असा की दोन्ही बाजू सारख्या म्हणजे जनावर निरोगी. ठीक आहे, पण झुंजीत मोडलेलं शिंग रोगट कसं? आणि गंमत ऐका. या क्लबच्या यादीत प्राँगहॉर्न आहे, ज्याला अमेरिकन लोक हौसेने अँटिलोप म्हणतात, जरी तो खरा कुरंग नाही. त्याच्या शिंगाचं आवरण दरवर्षी गळून नवं येतं. म्हणजे मोडक्या आवरणाचा प्राँगहॉर्न पुढच्या वर्षी बहुधा पुन्हा ठाकठीक. शिकाऱ्याने फक्त थांबायचं!

आमच्या टीममध्ये एकदा कुणी किती बग बंद केले हे मोजायला लागले होते. दोन आठवड्यांत सोपे बग सगळे संपले, अवघड तिथेच. माळावर याच्या उलटं झालं. सगळ्यात देखणे नर आधी गेले आणि मोडके राहिले. कॅनडात अल्बर्टामधल्या रॅम माउंटनवर बिगहॉर्न मेंढ्यांचा अभ्यास झाला. या मेंढ्या कुरंग नाहीत, पण शिंगाची जात तीच. तिथे तीसेक वर्षं मोठ्या शिंगांचे नर टिपले गेले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पुढच्या पिढ्यांची शिंगं आनुवंशिकतेनेच छोटी होत गेली. परिणाम नेमका किती मोठा यावर शास्त्रज्ञ नंतर बरेच भांडले, दिशेवर कमी.

मग खोट कधीच आवडली नाही का? आवडली, पण ती चमत्कारिक असेल तर. आपल्या मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ मध्ये सुरू झाली. संस्थापक आठ, त्यांत दोन हिंदी, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. तिच्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांत विचित्र शिंगांवरच्या टिपणांची रेलचेल आहे, शिंगं फुटलेली काळविटाची मादीसुद्धा. अशी नवलाई लोक जपायचे. साधं झुंजीत तुटलेलं शिंग मात्र ना विक्रम, ना नवल. ते मधल्या मध्ये मेलं.

आज या मधल्याला चक्क दरपत्रक आहे. टेक्सासमध्ये १९३० च्या दशकात नेऊन सोडलेली आपली काळवीटं तिथल्या रँचवर पैसे घेऊन मारू देतात. तुटक्या शिंगाचा नर तिथे सवलतीत मिळतो, दक्षिण आफ्रिकेत कुडूचंही तसंच. डेंट पडलेला फ्रीज स्वस्तात विकतात ना, अगदी तसं.

नामिबियात मात्र काही शिकाऱ्यांनी टेपच बदलायचं ठरवलं. तिथल्या व्यावसायिक शिकाऱ्यांच्या संघटनेने मापात वयाचे गुण घातले, म्हणजे प्रजननाचा काळ उलटून गेलेल्या, शिंगं झिजलेल्या म्हाताऱ्या नराला मान आणि ऐन भरातल्या तरुण नराला नाही. मला शिकारीचं कौतुक नाही, पण मेट्रिक बदललं की बंदूक वेगळ्या प्राण्याकडे वळते, एवढं इथे स्वच्छ दिसतं. अमेरिकेतले काही मेंढीशिकारी तर टोकं झिजलेल्या शिंगांवरच जीव टाकतात. त्यांच्या मते वय त्यातच दिसतं.

तर श्रोतेमित्रा, तुझं उत्तर. मारली असणार, गोळी सुटल्यावर शिंग कोण परत मोजतो? पण पाहुण्यांना दाखवायच्या भिंतीवर ती पोचली नाहीत. आणि कुणाच्या आजोळी माळ्यावर काळविटाचं शिंग पडलेलं असेल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मालकी प्रमाणपत्र आहे का ते आधी बघा. काळवीट अनुसूची १ मध्ये आहे, आणि तिथे शिंग अखंड आहे की मोडकं, कुणी विचारत नाही.