झुरिकच्या काल्पनिक यंत्रापासून आजच्या डेस्कटॉपपर्यंत

मॅकवर लिहिलेला जावा प्रोग्रॅम विंडोजवर किंवा लिनक्सवर नेताना आज आपल्याला बहुधा त्यातले एक अक्षरही बदलावे लागत नाही. ही सोय १९९५ मध्ये जावासोबत जन्मली असे सर्रास समजले जाते. पण तिचा उगम शोधायचा तर आपल्याला १९५८ पर्यंत मागे जावे लागते. त्या काळी यंत्र बदलले की सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहिणे आले. त्यावर उपाय म्हणून आयबीएमचे संगणक वापरणाऱ्यांच्या ‘शेअर’ या अमेरिकी संघटनेच्या समितीने ‘अंकोल’ नावाची मधली भाषा सुचवली. प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषा आधी अंकोलमध्ये उतरवायची आणि तिथून हव्या त्या यंत्राच्या भाषेत. कल्पना भव्य होती, पण सगळ्या भाषांना आणि सगळ्या यंत्रांना पुरून उरेल अशी एक भाषा कोणालाच घडवता आली नाही. अंकोल कागदावरच राहिली.

तिढा सुटला तो झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात, आणि माझ्या मते तो सुटला तो मागणे लहान केल्यामुळे. निक्लाउस विर्थ यांनी १९७० च्या सुमारास घडवलेल्या पास्कल भाषेचा कंपायलर सीडीसी ६००० मालिकेच्या यंत्रांसाठी होता. पास्कल हवी असलेल्या इतर विद्यापीठांकडे यंत्रे निराळी. तेव्हा विर्थ यांच्या गटाने फक्त पास्कलपुरते एक साधे, काल्पनिक यंत्र रचले. त्याच्या आज्ञांची भाषा म्हणजे पी-कोड. पास्कलमध्येच लिहिलेला कंपायलर पी-कोडमध्ये उतरवून पाठवला जाई. घेणाऱ्याने आपल्या संगणकावर त्या काल्पनिक यंत्राची नक्कल करणारा छोटा इंटरप्रिटर तेवढा लिहायचा. या कंपायलरची टिपणे ज्यांनी लिहिली, त्यांत पहिले नाव केशव नोरी या भारतीय संशोधकाचे आहे.

झुरिकचा हा वारसा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत (यूसीएसडी) केनेथ बोल्स यांच्या हाती आला. मोठ्या सामायिक संगणकासमोर ताटकळण्यापेक्षा विद्यार्थ्यांना छोटी यंत्रे मिळावीत, ही त्यांची धडपड होती. त्यांच्या यूसीएसडी पास्कलच्या आधाराने १९७९ मध्ये ॲपल-२ वर पास्कल आली, आणि १९८१ च्या आयबीएम पीसीसोबत निवडीसाठी असलेल्या तीन ऑपरेटिंग सिस्टीमांत पी-कोडवर चालणारी त्यांची पी-सिस्टीमही होती. पण इंटरप्रिटरमुळे ती संथ चाले आणि त्या तिघांतल्याच डॉसपेक्षा महागही होती. बाजार डॉसने नेला.

१९९१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉस्लिंग यांनी घरगुती उपकरणांसाठी ‘ओक’ ही भाषा घडवायला घेतली. तिचेच नाव पुढे जावा झाले. जावातली काल्पनिक यंत्राची युक्ती जुनीच होती. यंत्रे वेगवान झाली होती आणि इंटरनेट दारात येऊन ठेपले होते, म्हणून ती या वेळी टिकली. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये याच युक्तीवर चालणारे डॉटनेट आणले ते विंडोजपुरते. मिगेल दे इकाझा यांच्या ‘मोनो’ प्रकल्पाने ते २००४ मध्ये लिनक्सवर नेऊन दाखवले, आणि २०१६ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टचे डॉटनेट कोअर मॅक आणि लिनक्सवर चालू लागले.

नोरी पुढे पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये संशोधन करीत होते. त्याच पुण्यात आज जावा शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने पहिल्या तासाला गॉस्लिंग यांच्याबरोबर त्यांचेही नाव फळ्यावर लिहावे.